हनुवटीवरचं बोट

पुंजाराम गुरुजींची मान डावीकडे वळली ती वळलीच. पोरं समोर आणि तोंड खिडकीकडे. जोर लावून सरळ केली तरी ती पुन्हा फिरे. हनुवटीला नुसतं बोट टेकवलं, की मात्र मुकाट्यानं सरळ होई. पण एका हातात खडू, दुसऱ्यात पुस्तक. बोट टेकवायचं कोणी? मग अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरातल्या शाळेत पाणी भरण्याच्या पाळीसारखी बोटाची पाळी सुरू झाली. एक पोर स्टुलावर चढून गुरुजींची हनुवटी धरी. त्या दिवशी त्याची पाटी कोरीच राही. गुरुजींना तेच सलत होतं.

नगरच्या डॉक्टरांची एक गोळी चालू होतीच. आता त्यांनी दुसरी दिली. "पहिली बंद करायची नाही. तिच्या जोडीला ही घ्या. उपयोग होतो का, ते तपासायचंय. दर महिन्याला येऊन दाखवा."

गुरुजी गोळ्या नेमानं घेत, नगरलाही नेमानं जात. पण एवढ्या मोठ्या माणसासमोर तोंड फिरवून बसायचं? दारातच त्यांचं बोट हनुवटीला जाई. बघणाऱ्याला वाटावं, विचारात आहेत.

"वा! मान एकदम सरळ!" डॉक्टर खूश. दिवाळीनंतर तर म्हणाले, "औषध लागू पडलं. आता येऊ नका."

निरोपाचा नमस्कार एका हातानं कसा करणार? गुरुजींनी दोन्ही हात जोडले. मान गर्रकन फिरली आणि नमस्कार कोपऱ्यात टांगलेल्या हाडांच्या सापळ्याला पोचला.

"अहो, मी इकडे आहे!"

"ठाऊक आहे, साहेब," गुरुजी सापळ्याला म्हणाले.

"मग इतके दिवस ते बोट?"

"तुमच्यासमोर तोंड फिरवणं बरं दिसलं नसतं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तुमच्या अदबीनं माझी सगळी तपासणी बुडाली! आता पुन्हा पहिल्यापासून. आणि बोट न लावता."

गुरुजींनी शाळेत हे सगळं सांगितलं. त्या दिवशी पाळी खुर्शीदची होती. ती हिरमुसून स्टुलावरून उतरली, मग म्हणाली, "मंग आमीच तिकडं येतो की, गुरुजी!" पोरांनी तरटं उचलली, फळा ओढला आणि खिडकीशी शाळा भरली. सगळ्यांच्या पाट्या भरू लागल्या.

काही आठवड्यांनी गुरुजींची नजर पोरांवरून निसटून वर्गाच्या मधल्या खांबाकडे सरकायला लागली.

"सरका रं, गुरुजी सरकले!" खुर्शीद ओरडायची, आणि अख्खी शाळा वीतभर सरकायची.

होळीच्या सुमारास डॉक्टरांनी विचारलं, "काही फरक?"

"आहे ना. खिडकीशी बसणारी पोरं मधल्या खांबापर्यंत आलीत."

"म्हणजे किती?"

गुरुजींचे दोन्ही हात मोकळे होते. ते पसरून त्यांनी अंतर दाखवलं, डॉक्टरांना आणि थोडंसं सापळ्यालाही.