अठरा तास राखीव

मी एक जुनं टेबल आहे. ओकच्या लाकडाचं, बारा खुर्च्यांचं, कार्डिफमधल्या एका विद्यापीठाच्या वाचनालयात साठ वर्षं ठाण मांडून बसलेलं. टेबलाला मराठी कुठून येते, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, माझ्यावर डोकं टेकून जो पुटपुटतो, त्याची भाषा मला येते. वेल्श येते, अरबी येते, आणि मराठी मी धम्मशीलाकडून शिकलो.

धम्मशीला नागपूरची. इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि उरलेल्या वेळात एम.एस्सी. करते. तिच्या भाड्याच्या खोलीत पलंग टाकल्यावर दार अर्धंच उघडतं, त्यामुळे तिचा सगळा अभ्यास माझ्यावर.

माझा सुतार मोजकं बोलायचा, पण काम चोख करायचा. ग्रंथपाल मला दर शुक्रवारी मेण लावायचे. परीक्षा आल्या की माझ्याजवळ जागा मिळावी म्हणून मुलं पहाटेच दाराशी उभी राहत. फुटबॉलची मुलंही यायची, गुडघ्यांना चिखल तसाच. एका गोलकीपरने तर कायद्याचं अख्खं वर्ष माझ्यावर काढलं. तेव्हा खेळाशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मग विद्यापीठाला फुटबॉलचं वेड लागलं. मैदानाखाली गरम पाण्याचे पाइप आले. एका प्रशिक्षकाचे चार झाले. सराव वरून टिपायला ड्रोन आला, संघाच्या बसला चामड्याच्या सीट आल्या. इकडे पाच ग्रंथपालांचे दोन झाले, आणि माझा डुगडुगणारा पाय तीन वर्षं पुठ्ठ्याच्या घडीवर उभा आहे. दुरुस्तीचा अर्ज गेला की ठरलेलं उत्तर यायचं, बजेट नाही. कोणी तुपाशी, कोणी उपाशी, दुसरं काय!

शेवटी विद्यापीठाच्या मोठ्या साहेबांचं फर्मान निघालं. ही खोली फुटबॉल संघाला, सामन्यांचे व्हिडिओ बघायला. कारण काय, तर बुकिंगच्या यादीत खोली रिकामी दिसते. अहो, टेबलाशी बसायला यादी कशाला? माणसं यायची आणि बसायची. मला भंगारात काढायची तारीखही कशी शोधली, तर ईस्टरच्या सुट्टीतली, कोणी बघायला नसताना. चौदा एप्रिल, दुपारी तीन. मला फार राग आला.

चौदा एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती, हे त्या साहेबांच्या गावीही नव्हतं. नागपूरकडे जयंतीला मुलं सलग अठरा तास अभ्यास करून बाबासाहेबांना अभिवादन करतात. धम्मशीलाने तेच करायचं ठरवलं, आणि तेही यादीत नाव घालून. पण एका माणसाला तीनच तास मिळतात, म्हणजे सहा नावं हवीत, आणि तीही विद्यापीठातल्याच माणसांची. तिने सुट्टीत घरी न गेलेल्या मुली गाठल्या. तिचं धरून पाच नावं जमली. तीन ते सहाची वेळ मात्र काही केल्या भरेना. नाव नाही तर खोली रिकामी धरायची, असा नियम.

त्या दिवशी सकाळी सहाला ती येऊन बसली. सोबत तिची आई गयाबाई, भारतातून भेटीला आलेल्या. त्यांची शाळा सातवीत सुटली होती. त्यांनी सोबत आणलेलं, नात्यातल्या एका मुलीचं शाळेचं इंग्रजीचं पुस्तक उघडलं आणि शब्दाशब्दाखाली बोट ठेवून वाचायला लागल्या. त्यांचं नाव यादीत बसत नव्हतं, त्या मात्र बसल्या.

पावणेतीनला सुहास आला. विद्यापीठाच्या आयटी विभागातला, तोही नागपूरचाच. व्हिडिओच्या पडद्यांसाठी भिंत मोजायचं काम त्याच्याकडे होतं. त्याच्यामागे सामान हलवणारी दोन माणसं ट्रॉली घेऊन उभी राहिली.

"जय भीम, मावशी," तो म्हणाला. मग हळूच, "धम्मशीला, ऊठ ना, प्लीज. फुटबॉलमुळे ॲडमिशन्स वाढतात. ब्रोशरवर टेबलाचा फोटो बघून कोण येणार?"

"तू कसा आलास इथे?"

"स्कॉलरशिपवर."

"फुटबॉलच्या?"

सुहासने मागे उभ्या ट्रॉलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझा व्हिसा या जॉबवर आहे. मॅनेजरला काय सांगू?"

गयाबाईंनी पुस्तकावरचं बोट उचललं नाही. "बाळा, जयंतीला तू किती तास बसायचास?"

"अठरा. हॉस्टेलला. तिन्ही वर्षं."

"मग आज तीनच बस."

सुहासने हातातली मोजायची टेप गुंडाळली. मग त्याने ती खिशात टाकली आणि फोन काढला. तीनला दोन मिनिटं होती. ट्रॉलीवाल्याने आपल्या टॅबलेटवर यादी पाहिली, पुन्हा पाहिली.

"रात्री बारापर्यंत बुक्ड आहे," तो जोडीदाराला इंग्रजीत म्हणाला. "चल, चहा घेऊ."

सुहास खुर्ची ओढून बसला. मोजमापाच्या फॉर्मवर त्याने एकच ओळ लिहिली, खोली वापरात आहे, आणि खाली सही केली. मग त्याने दोन्ही कोपरं माझ्यावर टेकली. मला ती कोपरं फार आवडली.

दुसऱ्या दिवशी त्याला लेखी ताकीद मिळाली. ती घेऊन तो तडक माझ्याकडे आला आणि पुढच्या आठवड्याचीही वेळ नोंदवून गेला.

मी जिंकलो, असं समजू नका. साहेब आता दर सोमवारी यादी तपासतात, आणि रिकाम्या वेळा मोजून ठेवतात. जुन्या वस्तू जपा, पुसा, असा उपदेश मी करणार नाही. मला मेण नको, कौतुक नको. मित्रांनो, मला कोपरं हवीत, माझ्यावर टेकलेली. उद्या बारा ते तीनची वेळ अजून रिकामी आहे. नाव घाला आणि या.