पुढची खुर्ची

वकीलबाईंना एक खोड होती. कुणी डॉक्टरविरुद्ध दावा घेऊन आलं की कागद बाजूला सारायच्या आणि ऑफिसातल्या खुर्च्या हलवायला लावायच्या. तपासणीच्या खोलीत जो जिथे बसला होता, त्याने तिथेच बसायचं. डॉक्टर अर्थातच वकीलबाई. नाटकाची हौस म्हणा किंवा चौकस स्वभाव म्हणा, पण नेमकं काय घडलं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

आज शाळेतल्या खेळाच्या बाई नवऱ्यासोबत आल्या होत्या. डॉक्टरांनी महिनाभर ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि दुखणं निघालं हृदयाचं. तेही झटका येऊन गेल्यावर कळलं. ज्यांच्या एका हाकेसरशी अख्खं मैदान जागच्या जागी थांबायचं, त्या बाईंना आता शिट्टी वाजवली तरी धाप लागायची. शाळेने त्यांना ग्रंथालयात बसवलं होतं. डॉक्टरांचा हेका एकच, पेशंटने जळजळीचीच तक्रार केली. ते कोर्टाला पटलं तर दावा तिथेच आडवा होणार होता.

"बसा बघू तसेच," वकीलबाई म्हणाल्या.

नवरा टेबलाजवळच्या खुर्चीत बसला. बाई मागे, भिंतीकडच्या स्टुलावर.

"काय होतंय?" वकीलबाईंनी बाईंकडे बघत विचारलं.

"हिला जळजळतं," नवरा म्हणाला. "वेळेवर जेवण नाही ना! घाम येतो, दमायला होतं."

"आणखी काही?"

"बाकी काही नाही."

वकीलबाईंना राहवेना. "ताई, तुम्ही सांगा."

बाईंनी सवयीने नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जबडा ठणकायचा. जिना चढले की हमखास."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"ह्यांना सांगितलं होतं."

"अहो, जबडा म्हणजे दाताचं!" नवरा उसळला. "दाताच्या डॉक्टरांची वेगळी वेळ घेतली होती मी. इथे दाताचं कशाला..." बोलता बोलता तो थांबला. भारी टापटिपीचा माणूस. बायकोचं दुखणंही त्याने कपाटातल्या कपड्यांसारखं वेगवेगळ्या कप्प्यांत लावून ठेवलं होतं. वकीलबाईंना त्याचा रागही आला आणि कीवही आली.

"डॉक्टरांनी तुम्हाला काही विचारलं? ईसीजी काढला?"

"नाही. ह्यांच्याशीच बोलले."

"मग दावा उभा राहील. घाम, दम ऐकूनही ईसीजी नाही, समोरच्या पेशंटला एक प्रश्न नाही, ही त्यांचीच चूक. पण यजमानांना कोर्टात सगळं सांगावं लागेल, जबड्याचंसुद्धा. तेही हृदयाचंच लक्षण होतं. समोरचा वकील सोलून काढेल त्यांना. लावायचा दावा?"

नवऱ्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. मान खाली घालून तो बायकोला म्हणाला, "तू सांग."

"आधी उठा तिथून," बाई म्हणाल्या.

तो उठला. बाई पुढच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"लावायचा!"

आवाज मैदानावरचाच होता. पण तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.