नऊ पॉइंट एकला तीट

हंबीरराव शिर्क्यांच्या खात्यात शौर्य भरपूर जमा होतं, पण ते सगळं पणजोबांचं. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. आजोबांकडे नुसता घोडा उरला, वडिलांकडे सायकल आली आणि हंबीरराव गुजराती मुलखात, गोरवा भागातल्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासायला लागले. तिथे मात्र त्यांनी घराण्याचं नाव राखलं. व्हॉल्व्ह उजेडात धरायचा, एक डोळा मिटायचा, ओतकामात हवेचं भोक राहिलेलं दिसलं की गरजायचं, "ब्लो-होल! रिजेक्ट!" निवृत्त होऊन त्याच शहरातल्या समा भागात एका सोसायटीत राहायला आले तरी तो डोळा काही निवृत्त झाला नाही. भाजीवाल्याच्या दुधीलासुद्धा ते फिरवून बघत.

मुलगा दिग्विजय. नाव असं, पण बापाशी वादात त्याच्या खात्यावर एकही विजय नव्हता. त्याची बायको मनाली बँकेत होती. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नव्हतं. टेस्ट ट्यूबचा एक प्रयत्न वाया गेला होता. दुसऱ्या वेळी दोन भ्रूण तयार झाले, गोठवून ठेवलेले. त्यातला एक मंगळवारी सकाळी मनालीच्या गर्भाशयात सोडायचा होता. कोणता, एवढंच ठरायचं होतं, आणि मनालीच्या मते ते ठरलं होतं.

ते ठरवायला मदत करणारं यंत्र दवाखान्याच्या लॅबमध्ये होतं. भ्रूण वाढत असताना इनक्युबेटरमधला कॅमेरा त्यांचे सारखे फोटो काढी आणि एआय त्यांना दहापैकी गुण देई. एकाला मिळाले नऊ पॉइंट एक, दुसऱ्याला सहा पॉइंट आठ. दोघांचे फोटो छापून मिळाले, खाली गुण.

"नऊ पॉइंट एक!" हंबीररावांचा आवाज पार्किंगपर्यंत गेला. "शिर्क्यांच्या घरात नव्वदीच्या वर कोणी गेलेलं नाही. हा आपला दिग्विजय, दहावीला बावन्न!"

"बाबा, ते मार्क नाहीत," दिग्विजय म्हणाला.

"बावन्नवाला बोलतोय," हंबीरराव म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सोसायटीला निकाल कळला. वॉचमनला कळला, इस्त्रीवाल्याला कळला, बाकड्यावर बसणाऱ्या सगळ्या काकांना कळला. शेवयाच्या खिरीची वाटी घेऊन हंबीरराव समोरच्या ब्लॉकमध्येही जाऊन आले. अजून जन्माला न आलेल्या, गर्भातसुद्धा न गेलेल्या नातवाचे पेढे म्हणे बरे दिसत नाहीत, म्हणून खीर.

स्नेहलताबाईंनी, म्हणजे हंबीररावांच्या पत्नीने, घाईघाईने दार लावून घेतलं. "अहो, गावभर सांगत काय फिरता? नजर लागेल."

"कोणाची?"

"सगळ्यांची! आणि ते मशीन? रात्रंदिवस टक लावून बघत होतं लेकरांकडे. पापणीसुद्धा न लववता. माणूस निदान डोळे तरी मिटतो."

त्यांनी घरातल्यांना न विचारता जे करायचं ते केलं. दोन्ही फोटो देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवले होते. काजळाची डबी काढली, करंगळी बुडवली आणि नऊ पॉइंट एकवाल्याला तीट लावली. कपाळ कुठलं ते कळेना, म्हणून कानामागे लावली. कान यायला अवकाश होता, पण तीन नणंदांची बाळंतपणं काढलेल्या बाईला तेवढा अंदाज असतो. सहा पॉइंट आठवाल्याला मात्र लावली नाही. त्याला कोण नजर लावणार?

इकडे खिरीची वाटी चाटूनपुसून परत करायला समोरचे दिनकरराव आले. रिफायनरीतून निवृत्त झालेले. दुसऱ्याच्या आनंदात एखादा स्क्रू ढिला आहे का, हे बघितल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे.

"छान, छान," ते म्हणाले. "पण हंबीरराव, मशीन दवाखान्याचं, मार्क दवाखान्याचे. थर्ड पार्टी इन्स्पेक्शन झालं का?"

बस. हंबीररावांना चहासुद्धा गोड लागेना. आयुष्यभर त्यांनी बाहेरच्या तपासणीशिवाय एक व्हॉल्व्ह गेटाबाहेर जाऊ दिला नव्हता, आणि इथे घराण्याचा वारस! त्यांनी देव्हाऱ्यातला नऊ पॉइंट एकवाल्याचा फोटो उचलला, ट्यूबलाइटखाली धरला, मोबाइलने त्याचा फोटो काढला आणि फोनमधल्या एआयला विचारलं: माल कसा आहे?

एआयने अदबीने लिहिलं की डाव्या कडेला एक गडद, अपारदर्शक डाग दिसतो आहे. मग त्याने आणखी तीन परिच्छेद लिहिले. फोटोचा फोटो भरवशाचा नसतो, मी डॉक्टर नाही, तुमच्या तज्ज्ञांना विचारा. पण हंबीररावांची वाचायची सवय पहिल्या ओळीपुरती होती. त्यांनी एक डोळा मिटून फोटो पाहिला. डाग होता.

"ब्लो-होल!" ते गरजले. "रिजेक्ट! दुसरा घ्या!"

सगळे धावत आले. मनालीने कुकर तसाच शिट्ट्या मारत सोडला.

"बाबा, उद्या सकाळी प्रोसिजर आहे," ती म्हणाली. "आमचं ठरलंय."

"ठरलेला माल बदलत नाही की काय? तो जवळजवळ सात मार्कवाला आहे ना? साधा, पण बिनडागी."

"अरे, बोल ना काहीतरी," मनाली नवऱ्याला म्हणाली.

दिग्विजयने वडिलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग कुकरकडे पाहिलं. "बाबा म्हणतायत तर एकदा विचारून बघूया."

मनालीने जाऊन गॅस बंद केला. मागच्या वेळी निकालाची वाट बघण्याचे बारा दिवस तिने एकटीने मोजले होते. सातवाला घेऊन हुकलं असतं तर जन्मभर तिने नऊवाल्याचाच हिशेब मांडला असता, आणि सासरे नि दिनकरराव हे दोन्ही इन्स्पेक्टर तेव्हा भजी खात बसले असते. स्नेहलताबाई मात्र पदराने डोळे पुसत एकच म्हणत होत्या, "लागली. शेवटी लागलीच."

मंगळवारी सकाळी दवाखान्यात चौघंही. हंबीररावांच्या खिशात भिंग, हातात फोटो. लॅबमधून उत्कर्षा आली, भ्रूण सांभाळणारी डॉक्टर, शहरातल्याच रावपुऱ्यात, मराठी वस्तीत वाढलेली.

"काका, गोठवलेला बाहेर काढायची वेळ झालीय. कोणता काढू?"

"डागवाला नको," हंबीरराव म्हणाले.

उत्कर्षाने टॅबवर मूळ फोटो उघडला, मोठा केला, फिरवून दाखवला. "यात डाग नाहीये."

"अस्सं! मशीन तुमचं, तपासणी तुमची, पास करणारे तुम्ही. नवऱ्यामुलानेच मंगलाष्टकं म्हणायची! आमच्या एआयने डाग पकडलाय." त्यांनी मोबाइल पुढे केला. "तुमचा एआय लपवतोय."

मागे सोनोग्राफीला आलेल्या एक गुजराती बा आपल्या सुनेला म्हणाल्या, "जो, अहियां तो मशीनोमां झगडो छे."

"काका, मशीन एवढंच म्हणतं की असे दिसणारे बऱ्याचदा रुजतात," उत्कर्षा म्हणाली. "बऱ्याचदा. नऊवाल्याला डिस्टिंक्शन नाही आणि सातवाला नापास नाही. फोटो मीही पाहिलेत, मोठ्या डॉक्टरांनीही. डाग असता तर आम्हाला दिसला असता."

"मग हा काय आहे?" हंबीररावांनी छापलेला फोटो टेबलावर आपटला. भिंग ठेवलं. भिंगाखाली डाग चांगला वाटाण्याएवढा झाला.

उत्कर्षा वाकली. गोंधळली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच शंका दिसली आणि मनाली टेबलापाशी सरकली.

"तरी बरं," स्नेहलताबाई हुंदका आवरत म्हणाल्या, "तरी बरं, मी आधीच तीट लावून ठेवली होती. नाहीतर अख्खाच काळा पडला असता बिचारा!"

सगळ्यांच्या माना स्नेहलताबाईंकडे वळल्या. गुजराती बांचीसुद्धा.

"कुठे लावलीत, आई?" मनालीने विचारलं.

"कुठे म्हणजे? कानामागे."

"कान कुठाय त्याला?"

"येईल ना! अंदाजाने लावली."

मनालीने अंगठा फोटोवर ठेवला आणि हलकेच फिरवला. घराण्याचं ब्लो-होल तिच्या अंगठ्यावर आलं.

उत्कर्षा टॅब तोंडापुढे धरून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

हंबीरराव मात्र रणातून पळणारे नव्हते. "म्हणजे तपासणीत चूक नव्हती," ते म्हणाले. "डाग होता. सापडला."

"हो काका," उत्कर्षा कशीबशी म्हणाली, "तुमच्या एआयने काजळ अगदी बरोबर पकडलं."

"पण दिनकरराव म्हणत होते की..."

"बाबा," दिग्विजय म्हणाला, "शांती राखा."

त्याचं त्यालाच नवल वाटलं. हंबीररावांनी त्याच्याकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि, काय आश्चर्य, पास केलं. भिंग खिशात गेलं.

"नऊवाला काढ, उत्कर्षा," मनाली म्हणाली. "आणि आता बाहेर कोणाला काही विचारू नकोस. मलाच विचार."

उत्कर्षा आत गेली. मनालीने अंगठ्यावरच्या काजळाकडे पाहिलं. पर्समध्ये रुमाल होता. पण सासूची पाठ वळल्यावर तिने ते आपल्याच कानामागे पुसलं आणि हिरवा गाऊन घ्यायला निघाली.

मधल्या दिवसांत घरात फार शांतता होती. दिनकररावांना खीर नाही, बाकड्यावर बातमी नाही. वॉचमनने दोनदा विचारलं तेव्हा हंबीरराव म्हणाले, "माल अजून ट्रान्झिटमध्ये आहे."

मग रक्ताचा रिपोर्ट आला. मनालीने तो फोनवर तीनदा वाचला, दिग्विजयला वाचायला लावला, आणि दोघं जिन्यात बसून बराच वेळ रडली. रुजला होता. देवापुढे ठेवायला छापील प्रत हवी म्हणून स्नेहलताबाईंनी ती सोसायटीच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली.

मनाली हातपाय धुऊन बाहेर आली तर हंबीरराव ट्यूबलाइटखाली कागद धरून उभे, दुसऱ्या हातात मोबाइल, एक डोळा मिटलेला.

"थांबा, बाबा," ती म्हणाली.

तिने कागद घेतला, खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवला. वरच्या कोपऱ्यात, तिच्या नावाच्या अगदी शेजारी, तीट होतीच. तिने अंगठ्याने ती पुसली आणि कागद सासऱ्यांना परत दिला.

"आता काढा फोटो."