ऑ गावची दोरी

“या गावाचं नाव काय हो, आजी?”

“ऑ.”

“नाव विचारतोय मी, नाव!” पर्यटक ओरडला.

“ऑ!” योर्दिसनंही आवाज चढवला आणि रस्त्याच्या टोकाची पाटी दाखवली. पाटीवर ते एकच अक्षर. पर्यटक खो खो हसला, पाटीला मिठी मारून फोटो काढून घेतला आणि गेला.

तिच्या सुनेला, इंगविलला, मात्र हसू आलं नाही. सोमवारी ती दवाखान्यात नर्स म्हणून पुन्हा रुजू होणार होती, आणि तान्ह्या लेकीला, तूवाला, सासूकडे ठेवायचं ठरत होतं. म्हणून सकाळपासून तिचं सासूवर बारीक लक्ष होतं. कॉफी हवी का? “ऑ.” बोट परतली का? “ऑ?” होकार, नकार, नवल, सगळं त्या एका अक्षरात भागत होतं.

दुपारी, तिथल्या रीतीप्रमाणे, तूवा अंगणात, खिडकीखाली, बाबागाडीत लोकरीत गुरफटून झोपली होती. योर्दिस आत बटाटे सोलत बसली होती. इंगविल तिच्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

“आई, तुम्हाला ऐकू येत नाही ना?”

सोलणं चालूच राहिलं. नाही ठेवायचं पोरीला इथं. संपला विषय.

तेवढ्यात बाहेर तूवा कुरकुरली. इंगविल वळेपर्यंत योर्दिस उठून दारात पोहोचलीसुद्धा. तिच्या डाव्या हाताच्या बोटातून निसटलेला गळाच्या दोरीचा फास खिडकीच्या फटीत लोंबत होता. दोरीचं दुसरं टोक बाबागाडीच्या दांड्याला बांधलेलं.

“बघतेस काय अशी?” नातीला खांद्यावर घेत योर्दिस म्हणाली. “जन्मभर गळ टाकलाय मी. तळाशी कॉड मासा नुसता नाक लावून गेला तरी बोटाला कळतं. ही तर चांगली लाथा झाडते.”

इंगविल तिच्या समोर आली. “मग कानांचं लपवलंत का?”

“लपवलं कुठं? कुणी विचारलंच नाही. सगळे गावाचं नाव विचारतात.”

“मी विचारलं, आत्ताच.”

“पाठीमागून विचारलं असशील,” योर्दिस म्हणाली. “तोंडावर विचारत जा. ओठ दिसले की कळतं मला.”

सोमवारी सकाळी इंगविलनं दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली, फास स्वतः सासूच्या डाव्या हाताच्या बोटात सरकवला आणि बस गाठली. बस वळताना तिनं मागं पाहिलं. खिडकीतून योर्दिस उजवा हात हलवत होती. डावा चौकटीवर होता, जराही न हलता.