दोन नावांचा तांब्या

साहेब, जालिंदरला दाराबाहेर तुम्ही ठेवलंत. नियम पुढं करू नका. नियम तुम्हाला नंतर आठवला, आधी तुम्ही हसलात.

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. एक्क्याण्णव साली सांगलीच्या बाजारात नानासो आणि जालिंदरनं मला विकत घेतलं. नावं घालायची सुई माझ्या पोटावर टेकवून दुकानदारानं विचारलं, "भाऊ-भाऊ काय?" एकमेकांकडं न बघता दोघं "व्हय" म्हणाले. भांड्यावर नवरा-बायकोची नावं घालतात, माझ्यावर ही दोन उमटली.

औंधला त्यांची एक खोली होती. नानासो फौजेतून आलेला, जीप चालवायचा. जालिंदर बौद्धवस्तीतला, कपडे शिवायचा. मला चिंच लावून घासायचं काम नानासोचं. चकाकी आली की माझ्यातच बघून मिशी पिळायचा. गाव त्यांना बैलजोडी म्हणायचं, पण त्या थट्टेला काटा नव्हता. नानासोची आई रंगूबाई जालिंदरच्या हातचं पाणी प्यायला वर्षभर कचरली. मग एका दुपारी तिनं आपणहून मला तोंड लावलं आणि म्हणाली, "लय गार हाय रं, जालिंदर." त्या दिवशी जालिंदरनं मशीन बंदच ठेवलं. नुसता हसत बसला.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास असल्या जोड्यांवरून पेपरात वाद छापून यायला लागले. तोवर गावाकडं या दोघांसाठी शब्द नव्हता, म्हणून ती माणसं होती. शब्द सापडला आणि गावानं तो शेणासारखा फेकून मारला. शिवायला कापड येईना. जीपवर कुणीतरी खडूनं घाण लिहून जाई. रंगूबाई यायची, पण उंबऱ्यातच बसायची, आणि घरून पाण्याची बाटली घेऊन यायची. मी भरलेलाच राहायचो.

पुढच्या वर्षी पाचगणीच्या घाटात जीप उलटली. नानासोला साताऱ्याच्या दवाखान्यात नेल्याचं कळलं तसा जालिंदर मला घेऊन धावला. वॉर्डाच्या दारावर तुमची ड्यूटी होती. तुम्ही विचारलंत, साहेब, "कोण रं तू? भाऊ काय?"

आठ वर्षं तोंडात बसलेलं उत्तर होतं. नुसतं व्हय म्हणाला असता तर आत गेला असता. पण त्या दिवशी त्याला खोटं बोलवेना. तो म्हणाला, "भाऊ न्हाई, साहेब. आमी दोघं एकमेकांचं हाय."

"म्हंजी बायको व्हय?" तुम्ही म्हणालात, आणि अख्खा व्हरांडा हसला. मग तुम्हाला नियम आठवला, फक्त नातेवाईक. रंगूबाई आतून दारापर्यंत आली. तिच्या एका शब्दानं दार उघडलं असतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती माघारी वळली.

दोन दिवस जालिंदर मला मांडीवर धरून बाकावर बसला. पाणी शिळं झालं की नळावर जाऊन बदलायचा. तिसऱ्या सकाळी नानासो पांढऱ्या चादरीत बाहेर आला. भावकीनं त्याला उचललं आणि जालिंदरला मागं चालूसुद्धा दिलं नाही.

मित्रांनो, पितळ घासलं नाही की काळं पडतं. मी काळा पडलोय, मला त्याचं काही नाही. पण दुखणाईताजवळ कोण बसावं, हे त्यालाच विचारत जा. त्याला बोलता येत नसेल, तर दाराशी कोण ताटकळलंय तेवढं तरी बघा.

आणि साहेब, ते दोन दिवस तुम्ही आत होतात. जालिंदर मला रोज एकच विचारतो आणि मला सांगता येत नाही, कारण मीही बाहेरच होतो. नानासो शुद्धीवर आला होता का? आला असेल, तर त्यानं कुणाला हाक मारली? सांगा.