सुनकलाचा शिधा

"रडताय कशाला, वहिनी? आई मेलेल्या पोरीला तिकडं लवकर जागा मिळते. तुम्ही फक्त कागदावर मरायचं, एवढंच."

पोरी शहरात पोचवणाऱ्या धनलालचा तो आवाज लोण्यासारखा मऊ होता, म्हणूनच चार वर्षं मनसराच्या कानातून निघाला नव्हता. नवरा हिंदुस्थानात हमालीला गेला तो गेलाच. जुमल्याच्या डोंगरात जवाचं पीक सलग दोन वर्षं बुडालं. तिनं काकी म्हणून त्या कागदावर अंगठा उठवला आणि पाच वर्षांची सुनकला काठमांडूच्या वाटेला लागली. पुढं धनलाल पकडला गेला म्हणे. त्यानं नेलेल्या दोन पोरी कुठल्याशा हॉटेलात भांडी घासताना सापडल्या. ते कळल्यापासून मनसराच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

दोन दिवस पायी आणि दोन दिवस बसमध्ये काढून आज ती अनाथ मुलींच्या या घराच्या फाटकात उभी होती. काखेत सुकवलेल्या सफरचंदांचं गाठोडं, डोक्यावरून शाल पुढं ओढलेली. मनाशी ठरलेलं होतं. काही वावगं दिसलं तर पोरीला घेऊन निघायचं. सगळं नीट असलं तर काकी म्हणून बघायचं आणि काकी म्हणूनच परत फिरायचं.

"कोण तुम्ही तिच्या?" घर चालवणाऱ्या चंद्रावती दिदींनी फाटक अर्धंच उघडलं.

"काकी."

"चार वर्षांनी आठवण झाली काकीला?"

"वाट लांब आहे, दिदी."

"सगळ्यांचीच लांब असते. मागं एक मावशी आली होती, मिठाईबिठाई घेऊन. पोरीला जरा फिरवून आणते म्हणाली. आम्ही पोलिसांना बोलावलं, तर मावशी गायब." दिदींनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "तोंड का झाकलंय?"

"ऊन सोसत नाही."

"डोंगरातल्या बाईला?"

मनसरानं शाल आणखी पुढं ओढली. तिचं आणि सुनकलाचं नाक एकाच साच्यातलं होतं, ते लपवायचं कुठं?

दोघी एकमेकींवर नजर ठेवून घरभर हिंडल्या. मनसरानं डाळीत पळी घालून तळ ढवळला. डाळ होती, पाणी नव्हतं. तिनं बूट उलटे करून पाहिले. पाहुण्यांना दाखवायचे बूट झिजत नाहीत. हे टाचेला झिजलेले होते. मग मुलींच्या खोलीच्या दाराशी ती थबकली. कडी बाहेरून होती.

"पोरींना कोंडता?"

"पोरींना कोण कोंडतंय? त्या शाळेत गेल्या की माकडं शिरतात. मागच्या महिन्यात सात उशा फाडल्या. आत जाऊन बघा, रात्रीची कडी आतून आहे."

मनसरानं खरंच आत जाऊन पाहिलं. आतली कडी लावून, ओढून पाहिली.

"झालं समाधान?" दिदी म्हणाल्या. "संशय घ्या, बाई, मला राग नाही. मीही घेते. मागल्या वर्षी एकीचा बाप जिवंत निघाला. घरातून तिचं नाव कमी करावं लागलं. रात्रभर रडले मी, पण नियम तो नियम. आईबाप नसलेल्या किती पोरी ताटकळतायत."

मनसराच्या हातातलं गाठोडं जड झालं.

मागच्या अंगणात मुली ओळीनं बसून पानांच्या द्रोणांत तांदूळ, डाळ, मीठ, हळकुंड भरत होत्या. वैशाखातली अवस होती. ज्यांची आई आहे, ते आज तिला गोड भरवून तिचं तोंड बघतात. ज्यांची नाही, ते मातातीर्थाच्या कुंडावर जाऊन तिच्या नावानं शिधा देतात. या घरातल्या सगळ्याच कुंडावर जायच्या.

"सुनकला, काकी आल्यात बघ तुझ्या."

पोरगी उठली. उंच झाली होती. तिनं डोळ्याची पापणीही न हलवता हात जोडले. "नमस्कार, काकी."

विसरली. की विसरायला लावलं? मनसरानं तिचे तळवे हातात घेतले, उलटसुलट केले. भांड्यांच्या भेगा नव्हत्या, बोटाला शाईचा डाग होता. सुनकला परत द्रोणाशी बसली आणि खाली मान घालून गुणगुणायला लागली:

*नदीच्या पल्याड गं, घर माझ्या माऊलीचं,*
*वाऱ्या, निरोप सांग, पाखरू गं सुखी तिचं.*

जव निवडताना मनसरा हेच म्हणायची. दिदींची नजर आपल्यावर आहे हे तिला कळत होतं.

गाडी फाटकाशी लागली. मुलींनी द्रोण उचलले. सुनकला बसूनच राहिली.

"माझं पोट दुखतंय."

"दरवर्षी हेच," दिदी मनसराला म्हणाल्या. "कधी पोट, कधी पाय मुरगळतो. चार वर्षांत एकदाही हिनं आईला शिधा दिला नाही. आज काकी बरोबर आहे, आज चालायचं. ऊठ, बाळ. आईचं नाव घे आणि उचल."

सुनकलानं द्रोण उचलला नाही. फ्रॉकच्या खिशातून कागदात गुंडाळलेला पेढा काढला, सकाळचा, राखून ठेवलेला, आणि मनसराच्या तोंडाशी धरला.

"काकी, खा. आणि शाल मागं घ्या ना जरा. तुमचं तोंड दिसत नाही."

आई जिवंत आहे, हे इतक्या लहान पोटात हिनं चार वर्षं एकटीनं दाबून ठेवलं होतं.

आपण गप्प बसलो तर पोरीला हे छप्पर राहील, ही शाई राहील. मनसराला ते स्वच्छ कळत होतं. तिनं पेढा खाल्ला. शाल मागं टाकली. मग वाकून तो द्रोण उचलला आणि त्यातला शिधा परत टोपलीत ओतला.

"दिदी, हिला कुंडावर नेऊ नका," ती म्हणाली. "हिची आई मेलेली नाही. मीच ती."