कळकलेली बिअर

मित्रांनो, वसईतल्या एका वाडीत, कौलारू घराच्या पडवीत तांब्याचा मोठा टोप उपडा ठेवलेला दिसला, तर तो मी समजा. पूर्वी वाडीतल्या प्रत्येक लग्नाचं मटण माझ्यात शिजायचं. माझ्या काठाला जो पोचा आहे, तो एका मांडवात गाडीतून उतरवताना पडला. पुढे केटरर लोकांची ॲल्युमिनियमची भांडी आली आणि माझ्यात कोंबड्यांचं खाद्य भरून ठेवू लागले.

नव्वद साल उलटल्यावर घराचा मालक ॲन्सेल्म मालवाहू बोटीवरची खानसाम्याची नोकरी सोडून कायमचा परत आला. त्याची बोट एकदा परदेशातल्या कुठल्याशा थंड बंदरात दुरुस्तीसाठी अख्खा हिवाळा अडकली होती. तिथे गोदीच्या मागे बिअरची एक लहानशी भट्टी होती. वेळ जात नाही म्हणून हा तिथली पिंपं धुवायला जायचा. बघून बघून तो बिअर करायला शिकला.

घरी आल्यावर त्याने मला चिंच लावून लखलखीत घासलं आणि आतून कल्हई करून आणलं. मोड आणून वाळवलेले जव भरडून तो माझ्यातल्या गरम पाण्यात भिजवायचा. मग ते गोड पाणी गाळून पुन्हा माझ्यातच उकळायचा. त्यात हॉप्स नावाची वाळलेली कडू फुलं पडायची. ती त्याचा एक जुना सोबती बोटीवरून आणून द्यायचा. निवलेलं पाणी मोठ्या बरण्यांत यीस्ट घालून आंबत ठेवलं जाई. पहिली बिअर इतकी वाईट झाली, की त्याची बायको फ्लॉसी पोट धरून हसली.

हळूहळू हात बसला. एक फिकी सोनेरी, एक आल्याची, एक सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घातलेली तांबूस आणि एक करपेपर्यंत भाजलेल्या जवांची काळी, अशा चार तऱ्हा व्हायच्या. विकायचं काही नव्हतं. रविवारी मिस्सा आटोपून शेजारचा बॅप्टिस्ट यायचा. पडवीत चार लहान ग्लास मांडले जायचे. आधी वास घ्यायचा, मग छोटा घोट, आणि पुढच्या ग्लासाआधी पावाचा कोरडा तुकडा, असा ॲन्सेल्मचा नियम होता. प्रत्येक घोटानंतर तो विचारायचा, काय लागलं? बॅप्टिस्ट नेहमी 'चांगली आहे' म्हणायचा. फ्लॉसी मात्र नेमकं सांगायची. सोनेरी आज पावाच्या कडेसारखी लागते, आलं घशात उशिरा येतं, काळीत धूर जास्त झालाय. ती सांगेल तसा तो पुढच्या वेळी बदल करायचा. नाताळच्या आधी मला कल्हईवाल्याकडे धाडायचं कामही तिचंच होतं.

मग एका पावसाळ्यात फ्लॉसीला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

ॲन्सेल्म रडला नाही. दफन झाल्यावर घरी येऊन त्याने कोंबड्यांना दाणे टाकले. येणाऱ्याजाणाऱ्याला तो 'ठीक आहे' एवढंच सांगायचा. पुढच्या आठवड्यात त्याने मला चुलीवर चढवलं. एकदा मला धरायला त्याने तापलेल्या काठावर उघडा तळवा ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. मला त्याच्या हाताची कातडी चिकटलेली कळली. त्याला बहुधा कळली नाही.

नाताळ आला आणि गेला. कल्हईची आठवण कुणाला झाली नाही. माझ्या तळाशी तांबं उघडं पडलं, त्यावर हिरवट डाग चढले. ॲन्सेल्म आता जवाचं पाणी उकळून दोन-दोन दिवस माझ्यातच विसरून जायचा. रविवारी ग्लास मांडायचा, पण काही विचारायचा नाही. बॅप्टिस्ट प्यायचा आणि 'चांगली आहे' म्हणायचा.

ईस्टरला ॲन्सेल्मची मुलगी ज्युली अंधेरीहून आली. तिने बॅप्टिस्टला मागच्या केळीच्या आळ्यात ग्लास ओतताना पाहिलं. तो तिला हळूच म्हणाला, की पप्पांना सांगू नकोस, सध्या तेवढं एकच काम तो करतो. ज्युलीने उरलेला घोट तोंडात घेतला आणि तिथेच थुंकला. मग ती पडवीत आली.

"पप्पा, ही कळकलीय. तांबं उतरलंय हिच्यात."

ॲन्सेल्मने ग्लास उचलला, घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला.

"मला काही लागत नाही," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"मम्मी गेली तेव्हापासून. पाणी काय, ही काय. सगळं सारखंच."

बॅप्टिस्ट दारात उभा होता. ही पिऊन आपल्याला दोनदा उलट्या झाल्या, घरी मात्र मासळी बाधली म्हणून सांगितलं, हे त्याने तेव्हा कबूल केलं.

"मग बोलला का नाहीस?" ॲन्सेल्मने विचारलं.

"तुला आणखी काय सांगायचं, असं वाटलं."

ॲन्सेल्म रागावला नाही. उठून त्याने साऱ्या बरण्या मोरीत ओतल्या. ज्युलीने मला रिक्षात घालून पापडीच्या बाजारात नेलं. कल्हईवाल्याने मला तापवलं, नवसागराचा धूर केला, कथील फिरवलं. मी आतून पुन्हा पांढरा झालो.

त्यानंतर पुष्कळ महिने चूल पेटली नाही. हिवाळ्यात ज्युलीने रजा काढली आणि पप्पांना स्टुलावर बसवून स्वतः जव भाजले. तो सांगत गेला, ती करत गेली. फक्त काळीच केली. ती तयार झाली तेव्हा बॅप्टिस्टलाही बोलावलं. ज्युलीने आधी चाखली आणि म्हणाली, फार भाजलेत, मम्मीला आवडली नसती.

ॲन्सेल्मने घोट घेतला. ग्लास खाली ठेवला. पुन्हा उचलून दुसरा घेतला.

"कडू आहे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. मग तो तिथेच, दोघांच्या देखत, मोठ्याने रडू लागला. बॅप्टिस्ट त्याच्या शेजारी जाऊन बसला. या वेळी तो 'चांगली आहे' म्हणाला नाही.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. तुमच्या घरी जुनी तांब्या-पितळेची भांडी असतील, तर त्यांत काही रांधण्याआधी आत वाकून पाहा. हिरवा डाग दिसला तर कल्हई करून घ्या. आणि दुःखात असलेल्या कुणी तुमच्यापुढे बिघडलेलं काही ठेवलं, तर ते गुपचूप केळीला घालू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला सांगा.